तीन नंबर गोडाऊनचा मामा

सायमनचा फोन आला तेव्हा मी एका जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर खोलून बसलो होतो. हात ऑईलनं भरलेले, म्हणून फोन खांद्यात धरला. सायमनला प्रस्तावना म्हणून माहीत नाही. म्हणाला, "फिटर, तीन नंबरचे पत्रे उतरवायला लागलेत. भंगारवाल्यानं सगळंच घेतलंय. रविवारी ये. दत्तू येतोय."

मी म्हटलं, बघतो बाबा, रविवारीच तर गिऱ्हाईक असतं.  तो म्हणाला, "वंदना पण येतेय. नाशिकहून."

कार्बोरेटरचं जेट हातातून निसटलं ते थेट मोरीच्या जाळीत गेलं. ते काढायला मला पुढचा अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मी जाणार हे ठरून गेलं होतं.

वंदनाला मला एक गोष्ट सांगायची आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, सांगायची आहे. नगरला भर मैदानात, माणसांनी भरलेल्या मैदानात, तिचं गाणं पडलं. लोक हसले. त्यानंतर ती कधी गायली नाही असं मी ऐकून आहे. ते गाणं तिच्यामुळे पडलं नव्हतं, माझ्यामुळे पडलं होतं. हे तिला माहीत नाही, सायमनला नाही, दत्तूला नाही. माझ्या बायकोलाही मी कधी बोललो नाही. मूग गिळून बसायचं म्हटलं तर माणूस किती वर्षं बसू शकतो, याचा मी चालताबोलता नमुना आहे.

रविवारी सकाळी भिंगारहून निघालो. बायको म्हणाली, "जुनी मंडळी भेटायची म्हणता, मग तोंड असं का? भांडायला चाललाय होय?"  तिनं इस्त्रीचा शर्ट हातात दिला, तो घातला.

राहुरी मागं पडली, देवळालीचा फाटा आला आणि नाकानं आपोआप तयारी केली. तिथं वळलं की साखर कारखान्याच्या मळीचा वास यायचा. आंबूस, जड, घशाला चिकटणारा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला हसू यायचं, कारण आमच्या लेखी तो घराचा वास. एस.टी.त डुलकी लागली असली तरी त्या वासानं जाग यायची. या वेळी वळलो तर नुसता धुळीचा वास आला. उसाची शेतं तीच, पाटाचं पाणी तेच, पण वास नाही. मी गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो. वास नाही म्हणून डोळ्यात पाणी येईल असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमच्या कारखान्याच्या वसाहतीत वर्षाला ऋतू दोनच. सीझन आणि ऑफ सीझन. थंडी, ऊन, पाऊस हे सगळं त्यांच्या पोटात. दिवाळीच्या मागंपुढं बॉयलर पेटायचा आणि मग पाच-सहा महिने कुणाला दम म्हणून नाही. बैलांच्या गळ्यातली घुंगरं, ट्रॅक्टरवर कर्ण्यातून चाललेली गाणी, ऊसतोडीवाल्यांच्या चुलींचा धूर, आणि या सगळ्याखाली रात्रंदिवस ऊस पिळणाऱ्या गिरणीची घरघर. त्या घरघरीची इतकी सवय व्हायची की कधी बिघाड होऊन गिरणी थांबली, तर वसाहतीतली तान्ही लेकरं झोपेतून उठून रडायला लागायची. चिमणीतून बारीक काळी काजळी पडत राहायची. म्हणून सीझनमध्ये आमच्याकडं कुणी बाई पांढरं कापड बाहेर वाळत घालायची नाही. मग उन्हाळ्यात एक दिवस उसाची शेवटची मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस गिरणीकडं सरकवणाऱ्या खाचेत पडायची, भोंगा लांबच लांब वाजायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर सगळ्या दोऱ्यांवर पांढरे सदरे, चादरी, धोतरं, झबली. ऑफ सीझन म्हटलं की मला अजून ते पांढरे कपडे दिसतात. आणि शांतता. कानात दडे बसल्यासारखी शांतता.

मी कारखान्यात हंगामी फिटर होतो. दत्तू गव्हाणीवर, तोही हंगामी. म्हणजे सीझन संपला की आम्ही दोघं मोकळे. दत्तूच्या घरी शेती होती, पण त्याचे दोन थोरले भाऊ तिथं पुरून उरायचे. "मला कोन इचारतंय? बैलानंतर माजा नंबर," असं तो म्हणायचा. सायमन श्रीरामपूरचा. त्याचे वडील शाळामास्तर, आणि तो लहानपणापासून चर्चमध्ये गिटार वाजवायचा. पण त्याच्या मुंबईच्या मामानं त्याला इंग्रजी रॉक अँड रोलच्या कॅसेटी पाठवल्या आणि पोरगा बिघडला. प्रार्थनेच्या गाण्यातसुद्धा त्याची गिटार उड्या मारायला लागली, तेव्हा फादरनी त्याला प्रेमानं सांगितलं, बाळा, हे जरा बाहेर वाजव. तो बाहेर वाजवायला जागा शोधत मोटारसायकलवर आमच्याकडं आला. माझी त्याची ओळख त्या मोटारसायकलचा क्लच दुरुस्त करताना झाली.

माझा ड्रमसेट हा बघण्यासारखा प्रकार होता. मोठा ढोल श्रीरामपुरातल्या एका लग्नाच्या बँडचा, त्यांनी टाकून दिलेला. त्याच्यावर त्या बँडचं अर्धवट पुसलेलं नाव होतं. साईड ड्रम भिंगारच्या जुन्या बाजारात मिळाला, मिलिटरीतून बाद झालेला. त्याची कातडी इतकी ताणलेली की काठी आपटली की सावधान उभं राहावंसं वाटायचं. झांजा मी स्वतः वर्कशॉपमध्ये लेथवर काढल्या, पितळी पत्र्याच्या. पहिल्या दोन नुसत्या ताटासारख्या वाजल्या. तिसरी जमली. त्या दिवशी मी ती घेऊन सगळ्या वसाहतीत वाजवत फिरलो आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

दत्तूला बेस गिटार सायमननं शिकवली. तो कुठलाही सूर एकदाच शिकायचा, पण त्याला वेळेवर यायला शिकवणं कुणालाच जमलं नाही.

आणि वंदना. गोडाऊन सांभाळणाऱ्या आप्पांची मुलगी. साखरेच्या गोडाऊनच्या किल्ल्या आप्पांकडं. जाडसर, सरळ नाकाचे, टोपी घालणारे, कुणाला एका पोत्याचाही हिशेब चुकवू न देणारे गृहस्थ. ऑफ सीझनला साखर विकून संपत आली की एकेक गोडाऊन रिकामं व्हायचं. सगळ्यात आधी तीन नंबर. आम्ही त्यांच्याकडं तालमीला जागा मागायला गेलो तर ते पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "कारखाना आहे की तमाशाचा फड?" आतून वंदना म्हणाली, "द्या ना हो आप्पा. मला पण गायचंय." आप्पांनी पेपर खाली ठेवला. आम्हीही तिच्याकडं बघायला लागलो, कारण हे आम्हालाही नवीन होतं.

आप्पांनी दोन अटी घातल्या. फरशी रोज झाडायची, आणि ते स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसणार. साडेपाचचा भोंगा झाला की ते कुलूप काढायचे आणि दिवेलागणीला परत लावायचे. चार महिने ते त्या खुर्चीत आमच्याकडं पाठ करून बसले. त्यांचा पाय हलतोय हे पहिल्यांदा दत्तूनं पाहिलं. "आप्पा ठेका धरत्यात रं," तो माझ्या कानात म्हणाला, आणि मी हसताना ताल चुकलो.

तीन नंबरचा वास मला अजून नीट आठवतो. बारदानाचा, म्हणजे तागाच्या पोत्यांचा कोरडा वास, त्यात साखरेचा. नुसत्या साखरेला वास नसतो म्हणतात. ज्यांनी हजारो पोती एका जागी राहून गेल्यानंतरची फरशी हुंगली नाही, त्यांनी खुशाल म्हणावं. कितीही झाडलं तरी फटींत साखर उरायची, पावसाळी हवेत तिला पाणी सुटायचं आणि चपला चिकटायच्या. ढोलाचे पाय उचलताना चर्रर्र आवाज यायचा. मुंगळे ओळीनं यायचे, सायमनच्या गिटारच्या पेटीत शिरायचे. वर पत्र्यांखाली पारवे. आमची पहिली तालीम सुरू झाली तेव्हा ते सगळे एकदम उडाले आणि झरोक्यातून बाहेर गेले. आठवडाभरात त्यांनी आम्हाला भिणं सोडून दिलं, बसूनच ऐकायला लागले.

आणि मामा. गोडाऊन एवढं लांब होतं की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू यायचा नाही. दगडी भिंती, वर उंच पत्रा, आत सामान म्हणून नाही. काहीही बोललं की ते पलीकडच्या भिंतीला जाऊन परत यायचं, तेही एकदा नाही, तीन-तीनदा, दरवेळी जरा म्हातारं होऊन. पहिल्या दिवशी दत्तूनं खोकून बघितलं. समोरून कुणीतरी खोकलं. "आरं, माज्या मामासारकाच खोकला हाय!" तो म्हणाला. तेव्हापासून त्या घुमणाऱ्या आवाजाचं नाव मामा पडलं.

पहिले पंधरा दिवस मामानं आमचा जीव खाल्ला. मी एक ठोका मारायचा, तर मागून तीन यायचे, सगळ्यांचा काला व्हायचा. सायमन कपाळाला हात लावून बसायचा. वाट दाखवली ती वंदनानं. ती म्हणाली, "त्याच्याशी भांडता कशाला? त्याला बोलू द्या ना." आणि तिनं गाण्यात जागा सोडायला सुरुवात केली. ओळ म्हणायची, थांबायचं, मामाचं बोलून झालं की पुढची ओळ. मग आमच्याही हातात ते आलं. आम्ही मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार, मामा गप्प, आता आपण. कुठल्याही बँडला चार माणसं लागतात, आम्हाला पाच लागायची, आणि पाचवा पगाराशिवाय यायचा.

दत्तूनं त्यावरच गाणं लिहिलं. लिहिलं म्हणजे बिडीच्या कागदावर चार ओळी खरडल्या.

भोंगा झाला, शिफ्ट सुटली,
सायकल माझी कुठं राहिली?
अंधार पडला, दिसंना कुनी,
कोन हाय तिकडं?

बस. एवढंच. पण वंदना "कोन हाय तिकडं?" अशी हाक द्यायची, आम्ही तिघं एकदम थांबायचो, चार ठोके सगळं बंद, आणि गोडाऊनच्या त्या टोकाकडून उत्तर यायचं. तिकडं... कडं... डं. मग माझा ढोल. अंगावर काटा यायचा हो. आजही येतो, हे बघा, लिहिताना आला.

तिच्या आवाजाचं काय सांगू? लहानखुरी, दोन वेण्या घालणारी, कॉलेज संपवून घरी बसलेली मुलगी, आणि तोंड उघडलं की वसाहतीच्या चौकात ऐकू जायचं. बायका तिच्या आईला म्हणायच्या, "तुमच्या पोरीला लावा की आता भोंग्याच्या जागी." ती लाजायची नाही. एकदा तालीम संपल्यावर फरशी झाडता झाडता ती मला म्हणाली, "फिटर, मला दुसरं काही करायचंच नाही रे. हेच करायचंय." मी केरसुणी हातात घेऊन उभा होतो. मला वाटलं, मलाही हेच करायचंय, पण माझं हेच म्हणजे ही फरशी, हा साडेपाचचा भोंगा, हे चार महिने. तिचं हेच लांबचं होतं.

बँडला नाव सायमननं दिलं, ऑफ सीझन. वसाहतीचा गणपती त्या वर्षी पावसामुळं तीन नंबरमध्येच बसवला आणि आम्ही त्याच्यापुढं वाजवलं. सगळी वसाहत, आजूबाजूच्या वस्त्या, ट्रॅक्टर भरभरून माणसं. "कोन हाय तिकडं?" झाल्यावर मामा बोलला आणि म्हाताऱ्या बायांनी पदर डोक्यावर ओढून हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून पोरं रस्त्यात सायकली आडव्या घालून एकमेकांना तीच हाक मारायला लागली. मग सायमनच्या चर्चच्या हॉलमध्ये वाजवलं. तोही दगडी, उंच छताचा. तिथंही कुणीतरी परत बोलायचं, जरा हळू. दत्तू म्हणाला, "ह्यो मामाचा धाकला भाऊ." आम्ही बाहेर कुठं वाजवलं असेल तर ते एवढंच. आणि म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही, की जगात सगळीकडं भिंती नसतात.

कारखाना बंद पडला, गेटवर आता वॉचमनही नाही. मी गाडी आत घातली. वर्कशॉपच्या जागी गवत, गव्हाणीची नुसती खाच. तीन नंबरच्या सावलीत सायमन आणि दत्तू बसले होते. सायमनचे केस पांढरेशुभ्र, शाळेत संगीत शिकवतो. दत्तू उसाची रोपं तयार करून विकतो, पोट सुटलंय. मला बघून ओरडला, "या फिटर! भंगारात काय घ्यायचं का?" मिठी मारली. त्याच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता.

आत गेलो. अर्ध्याच्या वर पत्रे उतरले होते, वर आभाळ. फरशीवर उन्हाचे चौकोन पडलेले. दत्तूनं तोंडाशी दोन्ही हात धरून "मामाऽऽ!" केलं. आवाज वरच्या वर निघून गेला. आम्ही तिघंही उगाच जरा वेळ वाट बघत राहिलो. सायमननं गिटार आणली होती, ती त्यानं पेटीतून काढलीच नाही.

"वंदनाची गाडी संगमनेरपर्यंत आलीय," तो म्हणाला. 

नगरची ती स्पर्धा त्या वर्षी दिवाळीच्या आधी होती. गावोगावचे बँड, मोठं मैदान, आणि पुण्याहून गाणी रेकॉर्ड करणारं कुणीतरी ऐकायला येणार अशी बातमी. सायमननं आठ दिवस आधीच सांगून टाकलं, जमलं तर मी आणि वंदना पुण्याला जाऊन बघणार. "तुम्ही पण चला," असं तो म्हणाला, मनापासून म्हणाला. पण दत्तू आणि मी कुठं जाणार? बॉयलर पेटायला आला होता. मला यंदा कायम करतील असं साहेबांनी घरी येऊन सांगितलं होतं, आईनं पेढे वाटले होते. मी वंदनाकडं बघितलं. आप्पांनी तिला जाऊ द्यायचं कबूल केलंय असं ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की माझ्याच्यानं तिकडं बघवेना.

ड्रमसेट टेम्पोनं न्यायचा, म्हणून मी दुपारीच नगरला पोचलो. बाकीचे संध्याकाळच्या एस.टी.नं येणार होते. मी स्टेजवर सगळं मांडलं. मैदान रिकामं, ऊन रणरणतं. साईड ड्रमवर एक काठी मारली. ठप.

बस. ठप, आणि पुढं काही नाही. मी परत मारली. परत ठप. मामा तिथं नव्हताच. मला त्याच क्षणी सगळं समजलं. ती हाक देणार, आम्ही थांबणार, आणि पुढं चार ठोके मेलेलं मैदान. उपाय सोपा होता. थांबायचं नाही, ते चार ठोके मी ढोलानं भरून काढायचे. पाच मिनिटांचं काम. त्यांना नुसतं सांगायचं होतं.

ते आले तेव्हा आधीचा बँड वाजत होता, गोंगाट नुसता. वंदना निळ्या ड्रेसमध्ये होती. काही खाल्लं नव्हतं, थर्मासमधलं कोमट पाणी घोटघोट पीत होती. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "फिटर, तू दुपारपासून आहेस. आवाज कसा आहे रे इथला? मामा आहे का?"

मी म्हटलं, "चांगला आहे."

एवढंच. चांगला आहे. मुद्दाम म्हटलं का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की घाईत म्हटलं, तिला धीर यावा म्हणून म्हटलं. खोटं आहे. मला ऑफ सीझन संपायला नको होता. ती जायला नको होती.

गाणं झोकात सुरू झालं. गाण्याच्या भरात, त्या मोठ्या स्पीकरांच्या दणक्यात मामा नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिनं हाक दिली. "कोन हाय तिकडं?" आणि आम्ही थांबलो. दत्तू, सायमन, सवयीनं. मी काठ्या वर धरून. तेव्हाही मला वाजवता आलं असतं. एक. दोन. मैदानात शांतता. तीन. मागून कुणीतरी ओरडलं, "आमी हाय की, बोला!" आणि सगळं मैदान हसलं. वंदना वळली. सायमनकडं नाही, दत्तूकडं नाही, माझ्याकडं बघितलं तिनं. मी अजून काठ्या वर धरून होतो. मग तिनं पुढची ओळ धरली, पण आवाज फाटला. कसंबसं संपवलं.

बँड फुटला असं काही झालंच नाही. भांडण नाही, शब्दानं शब्द वाढला नाही. बॉयलर पेटला, तीन नंबरमध्ये पोती लागली, दोऱ्यांवरचे पांढरे कपडे आत गेले. मी कायम झालो. पुढच्या उन्हाळ्यात शेवटचा भोंगा झाला, गोडाऊन रिकामं झालं, आणि आप्पांकडं किल्ली मागायला कुणी गेलं नाही. आप्पा एकदा चौकात भेटले तर म्हणाले, "तीन नंबर मोकळं आहे हो." मी हो म्हटलं. त्या पावसाळ्यात वंदनाचं लग्न झालं.

वंदना आली ती हातात कापडी पिशवी, चष्मा, केस आखूड कापलेले. दत्तूला बघून हसली, "अरे, किती हा ढोल!" आणि त्याच्या पोटावर थापटी मारली. माझ्याकडं बघून म्हणाली, "फिटर, तू मात्र होतास तसाच आहेस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत जाऊन ती भिंतीकडेनं चालत राहिली. हातानं दगड चाचपत होती. आप्पांची खुर्ची जिथं असायची तिथं उभी राहिली. ते जाऊन नऊ वर्षं झाली. सायमन आणि दत्तू फाट्यावर चहा आणायला गेले. मला माहीत होतं, ही वेळ गेली की मी परत भिंगारला जाऊन स्कूटरी खोलत बसणार, आणि मेलो तरी सांगणार नाही.

म्हणून सांगितलं. आतल्या पायरीवर बसून, तिच्याकडं न बघता, सगळं. दुपार, ठप, चांगला आहे. काठ्या वर धरल्या त्याही.

ती शेजारी येऊन बसली. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"का केलंस?"

"तू गेली असतीस."

"मग मी गेले नाही, त्यात तुला काय मिळालं?"

"काहीच नाही. पुढच्या आठवड्यात बॉयलर पेटला."

तिला हसू आलं, आणि ते मध्येच थांबलं. "तुला माहितीये, मी काय समजून बसले?" ती म्हणाली. "मला वाटलं, तो आवाज माझा नव्हताच. या गोडाऊननं मोठा केलेला होता. चार भिंती काढल्या की माझ्यात काही नाही. मी परत गायलेच नाही, फिटर. कुठंच नाही. जुई झाली, माझी लेक, तिला अंगाईसुद्धा म्हटली नाही. कॅसेट लावायचे. सासूबाई म्हणायच्या, कसली आई आहे ही."

 मी दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून ठेवले.

"माफबीफ मला जमायचं नाही," ती म्हणाली. "आज तर नाहीच."

"मी मागत नाही."

"मागूही नकोस."

मग तिनं पिशवीतून फोन काढला आणि लावला. कानाला न लावता समोर धरला, स्पीकरवर. पलीकडून तरुण आवाज आला, "आई, पोचलीस? जेवलीस का?"

"पोचले. जुई, मी गायचे हे तुला माहीत आहे का गं?"

"कोण गायचं?"

"मी. इथं. आमचा बँड होता."

 पलीकडं ती पोरगी हसायला लागली. "आई, तू? अगं तू वाढदिवसाला हॅपी बर्थडेसुद्धा म्हणत नाहीस. नुसत्या टाळ्या वाजवतेस."

वंदनाचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. ते मी केलं होतं.

"तुझ्याजवळ कुणी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही, घरीच आहे. का गं? काय झालं?"

"काही नाही झालं. बस खाली. ऐक."

ती उभी राहिली. वर उघडं आभाळ, पायाखाली तुटके पत्रे. सव्वीस वर्षांच्या लेकीला तिनं अंगाई म्हणायला घेतली. पहिला सूर घासला, ती खाकरली, परत धरला. दुसऱ्या ओळीला आवाज मोकळा झाला. सायमन आणि दत्तू चहाची किटली घेऊन दारात येऊन थबकले. मला कुणी वाजव म्हटलं नाही, मीही हात बाहेर काढले नाहीत. एक कडवं संपलं आणि ती गप्प झाली.

फोनमधून बारीक, रडवेला आवाज आला, "आई? थांबलीस का?"

"श्वास घेतेय," वंदना म्हणाली, आणि पुढचं कडवं धरलं.